शमुवेल सरांचा मोठा एच

शमुवेल सर प्रूफ मागून पुढे वाचायचे. शेवटच्या पानावरच्या शेवटच्या शब्दावर लाल पेनाचं टोक टेकवायचे आणि एकेक शब्द मागे सरकत पहिल्या शब्दापर्यंत यायचे. बघणाऱ्याला वाटावं, या म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. न राहवून मी विचारलं, तेव्हा मान वर न करता ते म्हणाले, "अर्थ फसवते, बाई. वाक्य समजलं की डोयाले वाटते, झालं आपलं काम. मंग तो झोपते. म्हणून अर्थ लागूच द्याचा नाही."

यवतमाळला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, अर्ज, असं सगळं काम. एका दुपारी सर पहिल्यांदा आत आले ते शर्टाच्या बटणाला दोऱ्यानं बांधलेला पेनड्राइव्ह घेऊन. आधी त्यांनी कॉम्प्युटरच्या वर लावलेली बुद्धाची तसबीर पाहिली, मग मला पाहिलं, मग खुर्ची हलवून बघितली. मी पेनड्राइव्हसाठी हात पुढे केला तर म्हणाले, "मीच लावतो." दोरा तोकडा होता. तो सोडायला ते तयार नव्हते. त्यामुळे फाइल कॉपी होईपर्यंत ते सीपीयूसमोर वाकून, मशीनला बांधल्यासारखे उभे राहिले. "व्हॉट्सॲपवर पाठवली असती तरी चाललं असतं, सर," मी म्हटलं. "मधात कोणी बदलवली तर?" ते म्हणाले आणि दोरा गुंडाळून खिशात टाकला.

सर मारेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. बायको गेलेली, मुलगी नागपूरला, आणि ते यवतमाळात एकटे. त्यांच्या मंडळीचं, म्हणजे ज्या चर्चला ते जात त्या लोकांचं, एक अर्धवार्षिक निघायचं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. काही लेख सर पेनड्राइव्हवर आणायचे, बाकी लेखकांच्या फाइली सरळ माझ्याकडे यायच्या, पण छापायला जाण्याआधी शेवटची सही सरांची. मला वाटलं होतं, दोन तासांचं काम असेल. सर तीन दिवस बसले.

त्यांचा सगळा जीव इंग्रजीच्या मोठ्या अक्षरांत होता. 'गॉड' मोठ्या जीनं. पण मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या लोकांचे अनेक 'गॉड्स' आले की लहान जी. 'बायबल' मोठ्या बीनं, पण त्याचंच विशेषण झालं की बी लहान. चर्च म्हणजे इमारत असेल तर सी लहान, विशिष्ट मंडळीचं नाव असेल तर मोठा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, देवासाठी किंवा येशूसाठी 'ही' हे सर्वनाम आलं की त्याचा एच मोठा, मग ते वाक्याच्या पोटात कुठंही असो. या एचवर सरांनी आयुष्यभर पोरांचे मार्क कापले होते. मारेगावकडचे त्यांचे जुने विद्यार्थी दुकानात भेटले की हसत तेच सांगायचे.

एकदा मी विचारलं, "सर, सैतानाला मोठा एस कशाला? त्याला कसला मान?"

"मान नाही, नाव आहे त्याचं," सर म्हणाले. "दुश्मनाचं नाव बी नीट लिहावं लागते. नाहीतर उद्या तो म्हणन, हा मी नाहीच."

मी बौद्ध घरातली. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आमच्या आधीच्या पिढीला लोक कोणत्या शब्दानं आणि कोणत्या आवाजात हाक मारायचे ते मी ऐकत वाढले. त्यामुळे कोण मोठं आणि कोण लहान हे कुणी ठरवायला लागलं की माझे कान उभे राहतात. सर माझ्यावर शंका घेत होते, तशी मीही त्यांच्यावर घेत होते. पुढच्या अंकात सरांच्याच पेनड्राइव्हवर आलेला एका जुन्या शिक्षिकेचा इंग्रजी लेख होता, त्यात गावातल्या बौद्ध कुटुंबांचा उल्लेख होता. मी मुद्दाम 'बुद्धिस्ट'चा बी लहान टाकला. म्हटलं, बघू या, यांचं लाल पेन फक्त स्वतःच्या देवासाठीच चालतं का.

सर मागून वाचत त्या शब्दापाशी आले आणि थांबले. लाल गोल केला. मग पेनाला टोपण लावून माझ्याकडे रोखून पाहिलं.

"हे मूळ फाइलीत मोठं होतं, बाई."

"असं का?"

"तुम्ही माझी परीक्षा घेऊन राह्यल्या."

मी तो बी मोठा करून टाकला. सर रागावले नाहीत. उलट त्या दिवशी त्यांनी माझ्याकडचा चहा पहिल्यांदा घेतला. तोवर 'सवय नाही' म्हणून टाळायचे. कप नाकाशी नेऊन वास घेतला, मगच प्यायले, हे खरं. पण प्यायले.

मराठी पानांवर मात्र ते हैराण व्हायचे. देवनागरीत लहान अक्षर नाही, मोठं अक्षर नाही. "इथं तर काही पुरावाच नाही," ते कुरकुरायचे. मी त्यांना एकदा अडवलं. म्हटलं, "सर, इंग्रजीत तुम्ही देवासाठी एवढा मोठा एच लावता. आणि मराठीत मुख्याध्यापकांना 'ते आले' म्हणता, देवाला 'तो आला'. हे कसं?"

सरांच्या भुवया आक्रसल्या. हा प्रश्न मी कुठून शिकून आले, कुणी विचारायला सांगितला, हेच आधी त्यांच्या मनात आलं असणार. उत्तर न देता गेले. आठवडाभरानं दुकानाच्या पायरीवर उभ्यानंच म्हणाले, "आपल्या मायले कोणी अहो-जाहो करते का?" एवढंच बोलून बाजाराकडे निघून गेले.

मला मात्र ते 'तुम्ही' म्हणायचे. ज्याच्यावर भरवसा नाही त्याला सर 'तुम्ही' म्हणतात, असं त्यांची मुलगी मला पुढे सांगणार होती.

मग चर्चच्या वर्धापनाची स्मरणिका आली. जाड, रंगीत कव्हरची. गावोगावचे लोक येणार होते. पाळकसाहेबांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, इंग्रजी लेख पहिल्याच पानावर होता. सर चार दिवस बसले, मागून पुढे सगळं तपासलं, सही केली. स्मरणिका छापली, वाटली, जेवणं झाली. आणि पुढच्या रविवारी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळकसाहेबांच्या लेखाच्या पानाचा फोटो फिरला. पानभर लाल गोल. काही ओळींत देवाचा 'ही' मोठ्या एचचा, काही ओळींत लहान. फोटो टाकणारे होते मोजेसभाऊ, बँकेतून निवृत्त झालेले, मंडळीतले वजनदार गृहस्थ. खाली त्यांनी लिहिलं होतं, कंपोज करणारी बाई कोण आहे, तिच्या दुकानात कोणाचा फोटो आहे, ते एकदा बघून या.

हे मला माझ्या गाळ्याच्या मालकानं दाखवलं. तोही त्याच मंडळीतला, स्वभावानं बरा माणूस. मोबाइल पुढे धरून म्हणाला, "ताई, मी काही म्हणत नाही. पण लोकं मले विचारून राह्यले, अशा बाईले जागा कायले दिली." मग इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, त्याच्या पुतण्याला दुकान टाकायचंय, मी दुसरीकडे बघून ठेवलेलं बरं. त्याच आठवड्यात एका शाळेनं प्रश्नपत्रिकांचं काम 'यंदा राहू द्या' म्हणून परत घेतलं. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. नुसतं लोक दुकानासमोरून जाताना आत पाहायचे, आधी तसबिरीकडे आणि मग माझ्याकडे. मीही प्रत्येक गिऱ्हाइकाकडे बघून मनात म्हणायचे, हा कामाला आला की पाहायला आला?

सर आले ते चौथ्या दिवशी. बसले नाहीत.

"खरं सांगा, बाई. तुम्ही बदलवलं का?"

मला वाटलं होतं, निदान हा माणूस तरी विचारणार नाही. मी म्हटलं, "तुम्हाला असं वाटतं, सर?"

"मले काहीच वाटत नाही. मी विचारून राह्यलो."

मी पाळकसाहेबांनी पाठवलेली मूळ फाइल उघडून दाखवली. तिच्यातही तेच होतं, काही मोठे, काही लहान. सरांनी पडद्याला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, "फाइल तर तुमच्याच कॉम्प्युटरात आहे. रातून बदलवली नसन कशावरून?"

"तुम्ही जा, सर," मी म्हटलं. "आणि यापुढे दुसरं दुकान पाहा."

ते गेले. त्या माणसाचा मला एवढा राग आला की त्यांची विसरलेली छत्री मी बाहेर पायरीवर नेऊन ठेवली. मोजेसभाऊंचा एवढा आला नव्हता. त्यांनी मला कधी पाहिलंही नव्हतं. सरांनी माझ्या हातची कित्येक पानं पाहिली होती.

पुढचं मला नंतर कळलं. सर माझ्या दुकानातून सरळ पाळकसाहेबांकडे गेले होते. लेख कसा लिहिला, असं त्यांनाच विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, मोबाइलवर लिहिला. आणि मधली वचनं? ती बायबलच्या ॲपवरून उचलून तशीच चिकटवली. सरांनी लेख पुढे ठेवून, या वेळी सरळ, पहिल्या शब्दापासून वाचला. पाळकसाहेबांच्या स्वतःच्या वाक्यांत प्रत्येक एच मोठा होता. लहान एच फक्त अवतरणातल्या वचनांत होते. सरांना आधी ॲपवरच संशय आला. घरी येऊन त्यांनी स्वतःचं इंग्रजी बायबल काढलं, जे ते शाळकरी वयापासून वाचत होते. त्यातही लहान. मग शेजाऱ्याचं मागून आणलं. लहान. शाळेच्या लायब्ररीत जाऊन आणखी पाहिली. एका नव्या आवृत्तीत एच मोठा निघाला, बाकी जुन्या सगळ्यांत लहान.

शनिवारी ते परत आले. मी मान वर केली नाही. पण खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि ती हलवून बघितल्याचा आला नाही, म्हणून पाहिलं. सरांचा चेहरा उतरला होता.

"जलमभर वाचलं," ते म्हणाले. "रोज सकाळी. पोराइचे मार्क कापले. अन् पुस्तकात एच लहानच होता. मले कधी दिसलाच नाही. डोयानं वाचलंच नाही ना मी. भरवशानं वाचलं."

"आणि प्रूफात?" मी विचारलं. मला त्यांना इतक्यात सोडायचं नव्हतं.

"उलटं वाचून राह्यलो होतो. नुसता 'ही' समोर आला तर तो देवाचा का गड्याचा, कसं समजन? त्याले मागचं-पुढचं लागते. अर्थ लागते." मग उठत ते म्हणाले, "उद्या चर्चमध्ये ये."

"कशाला? लोकांनी पाहायला?"

"हो," सर म्हणाले. "पाहू दे. तू ये."

ते 'तू' म्हणाले हे मला ते गेल्यावर लक्षात आलं.

मी गेले. दारातून एकदा परत फिरले होते, खोटं कशाला सांगू. उपासना संपली होती, लोक बाजूच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. मी दाराजवळची खुर्ची धरली. दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं आणि आपापसांत काही बोलल्या. मंडळीचे सेक्रेटरी सुनीलभाऊ सावध माणूस. त्यांनी 'एक विषय आहे' एवढंच म्हणून मोजेसभाऊंकडे पाहिलं. मोजेसभाऊ उठले. चांगलं बोलतात ते. म्हणाले, चूक एखादी होते, इतक्या चुका होत नसतात. बाहेरच्या माणसाच्या हाती आपली पवित्र वचनं देताना विचार करायला हवा होता. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, पण सगळ्या माना दाराकडे वळल्या.

सर उठले. हॉलच्या कोपऱ्यात काचेचं कपाट आहे, त्यात मिशनच्या काळापासूनचं एक मोठं इंग्रजी बायबल ठेवलेलं असतं. सरांनी किल्ली मागितली, पुस्तक दोन्ही हातांनी आणून मोजेसभाऊंच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना पाठ असलेलं एक स्तोत्र उघडलं.

"मोजेसभाऊ, दुसरं वचन पाहा. देवासाठी 'ही' आला आहे. एच कसा आहे?"

मोजेसभाऊंनी चष्मा चढवला. "मोठा!" ते म्हणाले आणि लोकांकडे पाहिलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. मी उठून जायच्या बेतात होते. वाटलं, हा माणूस मला इथं बोलावून काय करून बसला?

"ते वाक्याची सुरुवात आहे, भाऊ," सर शांतपणे म्हणाले. "तिथं बकऱ्यासाठी 'ही' आला तरी एच मोठाच येईन. त्याच वचनात पुढचा 'ही' पाहा."

मोजेसभाऊ खाली वाकले. बोट फिरवलं. पान उलटलं, परत आणलं.

"सांगा ना."

"लहान आहे."

"अन् तिसऱ्या वचनातला, वाक्याच्या मधातला?"

"लहान."

"मंग हे बायबल कोणत्या बाईनं कंपोज केलं?" सर म्हणाले. "तिच्या दुकानात कोणाचा फोटो होता?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग हसू दाबलं. सरांनी हसणाऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की परत कुणी हसलं नाही.

"पाळकसाहेबाइनं वचनं पुस्तकात आहेत तशी घेतली. या बाईनं फाइलीत आहेत तशी ठेवली. दुसऱ्याचे शब्द अवतरणात घेतले तर त्याइची अक्षरं बदलवाची नसतात, हा नियम मीच शिकवत होतो. अन् प्रूफावर सही कोणाची आहे? माझी. शंका घ्याचीच होती तर पहिले माझ्यावर घ्याची. तुमच्यापैकी एकानं नाही घेतली. मी बी नाही घेतली. मी बी या बाईच्या दुकानात जाऊन तिलेच विचारून आलो, अन् ती खरं सांगून राह्यली होती तरी मानलं नाही." मग ते माझ्याकडे वळले नाहीत, टेबलाकडेच बघत म्हणाले, "हे माझ्याकडून बरं नाही झालं."

मंडळीत सगळं एका दिवसात गोड झालं असं नाही. नियम काय ठेवायचा यावर तासभर वाद झाला. एक आजी म्हणाल्या, पुस्तकात लहान असला तरी लिहिताना माझा हात मोठाच काढणार. सर त्यांना म्हणाले, "काढा ना, आजी. कोण अडवते?" मोजेसभाऊंनी ग्रुपवरून तो फोटो काढला, पण कधी माफी मागितली नाही, आणि आजही समोरून आले तर रस्ता ओलांडतात. गाळ्याच्या मालकाच्या पुतण्याचं दुकान मात्र आपोआप बारगळलं. शाळेचं काम पुढच्या वर्षी परत आलं.

सर पहिल्यासारखेच येत राहिले. बदलले, असं म्हणवत नाही. चहाचा वास घ्यायचे ते घ्यायचेच. पेनड्राइव्हचा दोरा तेवढा लांब केला होता. फक्त प्रूफ आता दोनदा वाचायचे, एकदा उलटं आणि एकदा सरळ. सरळ वाचताना मला शेजारी बसवायचे आणि दर दोन ओळींनी विचारायचे, "हा 'ही' कोण, सांग." मी सांगायचे. "कशावरून?" मी कारण द्यायचे. ते पटलं तरी "पाहू" म्हणायचे. त्यांच्या तोंडून 'बरोबर' हा शब्द मी कधी ऐकला नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली आणि मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी दोघं दुकानात आले. सरांनी काठीनं चाचपत खुर्ची शोधली, नेहमीसारखी हलवून बघितली, बसले. मुलगी मला म्हणाली, "बाबा फार कमी लोकाइले 'तू' म्हणते. माझ्या नवऱ्याले अजून 'तुम्ही'च म्हणते." सर म्हणाले, "त्याच्यावर माझं काम चालू आहे." निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाई करू नको. घाईतच चुका होतात." दिवाळीच्या आधी मुलीचा फोन आला. सर झोपेतच गेले होते.

मी नागपूरला जाऊन आले. मग इथल्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, तेव्हा मागच्या बाकावर बसले. या वेळी कुणी वळून पाहिलं नाही.

परवा अर्धवार्षिकाच्या नव्या अंकाची फाइल आली. सुनीलभाऊंनी ती व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिलं, प्रूफ वगैरे काही नको, ताई, तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे, सरळ छापायला द्या. कधीकाळी असं कुणी म्हणावं म्हणून मी किती तळमळले होते. आणि आता ते वाचून मला एकदम एकटं वाटलं. मी पानं लावली. उलटी वाचली, सरळ वाचली. प्रत्येक 'ही' कोण ते स्वतःलाच विचारलं. सगळं ठीक दिसत होतं, आणि सगळं ठीक दिसतंय याचीच भीती वाटायला लागली.

मी सुनीलभाऊंना फोन केला. म्हटलं, "भाऊ, भरवसा ठेवू नका. कोणी पाठवून द्या इथं."

"काहून, ताई?" ते दचकले. "काही घोळ झाला का?"

"नाही, अजून तरी दिसला नाही," मी म्हटलं. "म्हणूनच म्हणते. इथं बसून माझ्यावर शंका घेईल, असं एखादं माणूस पाठवा."

मग सुनीलभाऊ हळूच म्हणाले, "तसं माणूस आता कुठून आणू, ताई?"